वडिलांचा चुलतभाऊ 'सेकंड कझिन' नव्हे

प्रश्न असा आहे: वडिलांचे चुलतभाऊ अमेरिकेत राहतात. ते पाठवणार असलेल्या निमंत्रणपत्रात आपलं नातं इंग्रजीत कसं लिहायचं? कुणी 'अंकल' सुचवतं, कुणी 'सेकंड कझिन', तर कुणी 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड'. जोडप्रश्न: आपल्याकडे सर्रास म्हणतात ते 'कझिन ब्रदर' चालेल का?

आधी उत्तर. काटेकोर शब्द 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड' हाच. 'सेकंड कझिन' चूक आहे, आणि ही चूक जन्मभर इंग्रजी बोलणारेही करतात. 'अंकल' बोलताना चालेल, पण कागदावर त्याचा अर्थ आईचा किंवा वडिलांचा सख्खा भाऊ असा घेतला जाईल. निमंत्रणपत्रात मात्र यांपैकी काहीच न लिहिता 'माय फादर्स फर्स्ट कझिन' लिहावं, असं माझं मत आहे. पत्र काका लिहिणार, तेव्हा त्यांच्या बाजूने ते 'माय फर्स्ट कझिन्स सन' किंवा 'डॉटर' असं होईल. कारण पुढे येईलच.

हा घोळ होतो, कारण दोन भाषा नातं वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात. मराठी वाट सांगते: आतेभाऊ म्हटलं की वडील, त्यांची बहीण, तिचा मुलगा हा रस्ता शब्दातच दिसतो. इंग्रजी वाट सांगत नाही, पिढ्या मोजते. त्यामुळे मराठी शब्दाला इंग्रजी शब्द शोधायला गेलं की अडतं. पिढ्या मोजल्या की सुटतं.

मोजायचं असं. दोघांचा सर्वांत जवळचा सामायिक पूर्वज शोधा. त्याच्यापासून प्रत्येक जण किती पिढ्या खाली आहे ते मोजा. मुलगा 1, नातू 2, पणतू 3. दोन आकड्यांपैकी लहान आकड्यातून 1 वजा केला की फर्स्ट, सेकंड, थर्ड यांपैकी कितवा कझिन ते मिळतं. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे किती वेळा 'रिमूव्हड'. 'रिमूव्हड' म्हणजे नात्यातून काढून टाकलेला नव्हे, तर तितक्या पिढ्यांनी सरकलेला.

तुमच्या बाबतीत सामायिक पूर्वज म्हणजे तुमचे पणजोबा. ते काकांचे आजोबा, म्हणून काका 2, तुम्ही 3. लहान आकडा 2, त्यातून 1 गेला की 1: फर्स्ट कझिन. फरक 1: वन्स रिमूव्हड. आता त्याच काकांचा मुलगा घ्या. तोही 3, तुम्हीही 3. फरक शून्य, आणि 3 मधून 1 गेला की 2. तुमचा खरा सेकंड कझिन हा, म्हणजे ज्याला आपण चुलतचुलत भाऊ म्हणतो तो. तुमच्या मुलीचं आणि त्याचं नातं 4 आणि 3, म्हणून सेकंड कझिन वन्स रिमूव्हड. लहान आकडा 1 आला तर 'कझिन' शब्द लागूच होत नाही. 1 आणि 1 म्हणजे भावंडं, 1 आणि 2 म्हणजे काका-पुतण्या, मामा-भाची वगैरे. लहान आकडा शून्य आला तर एक जण दुसऱ्याचा थेट पूर्वज, तिथे ग्रँडफादर, ग्रेट-ग्रँडफादर ही मालिका.

या पद्धतीत एक खोट आहे. 3 आणि 2 काय, 2 आणि 3 काय, फरक एकच. म्हणून वडिलांचा चुलतभाऊ हा 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड', आणि तुमच्या चुलतभावाचा मुलगाही 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड'. एक वडीलधारा, दुसरा कडेवरचा, नाव तेच. वडिलांचा मामेभाऊ, आईची मावसबहीण, आतेबहिणीची मुलगी हे सगळेही त्याच नावात. निमंत्रणपत्र वाचणाऱ्याला एवढ्यावरून काही कळणार नाही. 'माय फादर्स फर्स्ट कझिन' लिहिलं की पिढीही कळते, बाजूही कळते, आणि ते अस्सल इंग्रजी आहे.

आता 'कझिन ब्रदर'. हा शब्द मराठीच्या (आणि हिंदीच्याही) घडणीवर बेतलेला आहे. आपल्याकडे 'चुलत', 'मामे', 'आते', 'मावस' ही विशेषणं. मुख्य नाम 'भाऊ' किंवा 'बहीण'. तो भाऊच आहे, फक्त कुठल्या वाटेने आलेला ते पुढे जोडलंय. 'कझिन' मात्र स्वतःच नाम आहे आणि त्यात भावपण नाही. त्यामुळे लंडनच्या वाचकाला 'कझिन ब्रदर' वाचून हा कझिन की ब्रदर, असा प्रश्न पडतो. भारतात बोलताना हा शब्द रुळलेला आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अर्जात, प्रतिज्ञापत्रात, मृत्युपत्रात नको. पुरुष की बाई हे सांगायचंच असेल तर 'मेल कझिन', किंवा पुढच्या वाक्यात 'ही', 'शी' येतंच. 'रिअल ब्रदर', 'ओन ब्रदर' यांचंही तसंच: नुसत्या 'ब्रदर'चा अर्थ सख्खा भाऊ असाच होतो. सावत्र भावाशेजारी वेगळं दाखवायचं असेल तरच 'फुल ब्रदर'.

'कझिन' आणि 'ब्रदर' यांची गल्लत पैशांतही महाग पडते. भारताच्या आयकर कायद्यात नातेवाइकाकडून मिळालेली भेट करमुक्त आहे, मग रक्कम कितीही असो. इतरांकडून वर्षभरात 50,000 रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती सगळी करपात्र. पण 'रिलेटिव्ह' कोण याची यादी कायद्यातच दिली आहे. तिच्यात नवरा-बायको, भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, स्वतःचे आणि जोडीदाराचे थेट पूर्वज आणि वंशज, आणि या सगळ्यांचे जोडीदार येतात. कझिन येत नाही. मामेभावाला पाच लाख देताना कागदावर 'ब्रदर' लिहिलं म्हणून तो यादीत बसत नाही. आणखी गंमत म्हणजे यादी पैसे घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. मामाने भाच्याला दिलं तर मामा हा 'आईचा भाऊ', म्हणून करमुक्त. भाच्याने मामाला दिलं तर मामाच्या यादीत 'बहिणीचा मुलगा' नाही, म्हणून 50,000च्या वर करपात्र. अमेरिकेचे नागरिक कायमच्या वास्तव्यासाठी भावंडांकरता आय-130 हा अर्ज भरतात, त्यातही 'सिब्लिंग'मध्ये सावत्र भाऊ बसू शकतो, चुलतभाऊ नाही.

सावत्र म्हटल्यावर थांबायला हवं, कारण इथे इंग्रजी मराठीपेक्षा काटेकोर आहे. आपण एकाच 'सावत्र भाऊ' शब्दात दोन वेगळी नाती घालतो. वडील एक, आई वेगळी (किंवा उलट) असेल तर तो 'हाफ-ब्रदर': रक्ताचं नातं आहे, अर्धं. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि नव्या आईला पहिल्या लग्नाचा मुलगा आहे, तर तो 'स्टेप-ब्रदर': रक्ताचं नातं अजिबात नाही. वारसाहक्काच्या कागदात यांची अदलाबदल झाली की मोठा घोटाळा. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात तर तीन पायऱ्या आहेत: एकाच पूर्वजाच्या एकाच पत्नीपासून झालेले 'फुल ब्लड', एकाच पूर्वजाच्या वेगवेगळ्या पत्नींपासून झालेले 'हाफ ब्लड', आणि एकाच पूर्वज स्त्रीच्या वेगवेगळ्या पतींपासून झालेले 'युटेराइन ब्लड'. आणि 'स्टेप'चा पायरीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टेओप' म्हणजे पोरका. 'स्टेओपचिल्ड' म्हणजे अनाथ मूल. आईबाप गमावलेल्या मुलाच्या घरात जी आई येते, ती स्टेपमदर.

काका, मामा, आत्या, मावशी यांना इंग्रजीत दोनच शब्द, म्हणून 'इंग्रजांना नात्यांची किंमत नाही' असं नेहमी ऐकू येतं. ते बरोबर नाही. जुन्या इंग्रजीत हे चारही शब्द होते: वडिलांचा भाऊ 'फॅडेरा', आईचा भाऊ 'एआम', वडिलांची बहीण 'फाथू', आईची बहीण 'मोड्रिये'. नवऱ्याच्या भावालासुद्धा वेगळा शब्द होता, 'टाकोर', आणि तो संस्कृत 'देवृ'चा, म्हणजे आपल्या 'दीर'चा सख्खा नातलग. 1066मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि पुढच्या काही शतकांत 'अंकल' आणि 'आंट' यांनी ते चार शब्द हटवले. त्यांची मुळं लॅटिन. 'आवुनकुलुस' म्हणजे आईचाच भाऊ (काकाला 'पात्रुउस' हा निराळा शब्द होता), आणि 'आमिता' म्हणजे वडिलांची बहीण. थोडक्यात, अंकल मुळात मामा आणि आंट मुळात आत्या! 'कझिन'च्या मुळाशी असलेला 'कोन्सोब्रिनुस' हा मुळात मावसभाऊ. त्यात 'सोरोर', म्हणजे बहीण, दडलेली आहे. मामा आणि काका हा भेद लॅटिन बोलणाऱ्यांनाही कळत होता. फ्रेंचपर्यंत येता येता तो पुसला गेला.

'नेफ्यू'ही असाच लॅटिन 'नेपोस'वरून आला, आणि 'नेपोस' म्हणजे नातूही आणि पुतण्या-भाचाही. संस्कृत 'नप्तृ' त्याच कुळातला. त्यापासून आपला 'नातू'. म्हणजे नातू आणि नेफ्यू हे शब्द एकमेकांचे कझिन आहेत, कितवे ते मोजायला हवं.

मराठीने हे भेद जपले, कारण ते लागत होते. महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये मामाच्या मुलीशी लग्न चालतं, काही ठिकाणी तर ते पसंतीचं मानतात. चुलत आणि मावस भावंडं मात्र सख्ख्यासारखी. तिथे 'मामे' आणि 'मावस' एकाच शब्दात घालून कसं चालेल? इरावती कर्वे यांनी 1953च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांचे प्रदेश मांडले, त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या महाराष्ट्राच्या जागेची सविस्तर चर्चा आहे. सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूबाईंना 'आत्याबाई' म्हणण्याची रीतही याच प्रथेची खूण.

लग्नाने जुळलेल्या नात्यांत इंग्रजी सगळ्यात मोघम आहे. दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा, साडू हे सगळे 'ब्रदर-इन-लॉ'. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी या सगळ्या 'सिस्टर-इन-लॉ'. यातला 'लॉ' म्हणजे कोर्टाचा नव्हे, चर्चचा धर्मकायदा. लग्नामुळे जी व्यक्ती त्या कायद्याच्या दृष्टीने बहिणीसारखी झाली, तिच्याशी पुढे लग्न करता येत नसे, ती सिस्टर-इन-लॉ. नेमकं सांगायचं तर इथेही वाटच लिहावी: 'माय हजबंड्स एल्डर ब्रदर', 'माय वाइफ्स सिस्टर'. जावेसाठी 'को-सिस्टर' आणि साडूसाठी 'को-ब्रदर' हे भारतीय इंग्रजीतले शब्द मला मनापासून आवडतात, पण भारताबाहेर ते कळत नाहीत. अनेकवचन करताना 'एस' पहिल्या शब्दाला लागतो: 'सिस्टर्स-इन-लॉ'. मालकी दाखवताना मात्र शेवटी: 'सिस्टर-इन-लॉज हाउस'.

आजोबांच्या भावाला 'ग्रेट-अंकल' म्हणा किंवा 'ग्रँड-अंकल', दोन्ही बरोबर. फक्त एका कागदावर दोन्ही वापरू नका, वाचणारा त्या दोन पिढ्या समजतो. पणजोबा 'ग्रेट-ग्रँडफादर', खापरपणजोबा 'ग्रेट-ग्रेट-ग्रँडफादर'. 'भावंडं' या सुंदर मराठी शब्दाला 'सिब्लिंग्ज' चपखल बसतो. तो जुन्या इंग्रजीतला 'कुठलाही नातलग' या अर्थाचा शब्द. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी त्याला आजच्या अर्थाने पुन्हा वापरात आणलं.

व्याही आणि विहीण यांना रोजच्या इंग्रजीत शब्द नाही. स्पॅनिशमध्ये आहे, 'कोन्सुएग्रो'. यिडिशमध्ये आहे, 'मखुतोनिम', आणि अमेरिकेतल्या ज्यू घरांतून तो तिथल्या इंग्रजीतही ऐकू येतो. 'व्याही' आला संस्कृत 'वैवाहिक'वरून. निमंत्रणपत्र व्याह्यांकडून येणार असेल, तर त्यांना 'माय सन-इन-लॉज फादर' किंवा 'माय डॉटर-इन-लॉज मदर' असंच लिहायला सांगा. मुलीचे सासरे म्हणून 'माय डॉटर्स फादर-इन-लॉ' हेही तितकंच बरोबर.