वाचक विचारतात : साक्यावर मुरलेली म्युस्कादे

प्रश्न : म्युस्कादे या फ्रेंच पांढऱ्या वाइनच्या लेबलवर 'सुर ली' असे छापलेले असते. वाइन गाळावर ठेवली आहे, असा त्याचा अर्थ सांगतात. गाळावर ठेवलेली वाइन स्वच्छ कशी राहते आणि त्यातून साधते काय? शिवाय नावावरून ती मस्कॅट द्राक्षाची गोड वाइन असावी असे वाटते, ते खरे आहे का?

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. म्युस्कादेचा मस्कॅटशी संबंध नाही आणि ती गोडही नाही. ती कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली), हलकी आणि टोकदार आम्लतेची वाइन आहे. तिचे द्राक्ष मेलाँ द बूर्गोन्य. पूर्व फ्रान्समधल्या बूर्गोन्य (बर्गंडी) प्रांतातले हे द्राक्ष फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, लुआर नदी अटलांटिकला मिळते तिथल्या नाँत शहराभोवती रुजले, यामागे व्यापार आणि थंडी ही दोन कारणे आहेत. सतराव्या शतकात या बंदरात येणाऱ्या डच व्यापाऱ्यांना ऊर्ध्वपातनासाठी (ब्रँडी बनवण्यासाठी) साधी पांढरी वाइन भरपूर हवी होती, त्यामुळे पांढऱ्या द्राक्षांची लागवड वाढली. पुढे 1709 च्या भीषण हिवाळ्यात इथल्या बागा गोठून गेल्या आणि नव्याने लागवड करताना थंडीला टिकाव धरणाऱ्या मेलाँला पसंती मिळाली.

हे द्राक्ष मुळातच फारसे सुगंधी नाही, आणि म्हणूनच गाळाला इतके महत्त्व आले. किण्वन संपले की यीस्टच्या मृत पेशी टाकीच्या तळाशी बसतात. बहुतेक ठिकाणी वाइन या साक्यावरून लवकर काढून दुसऱ्या भांड्यात घेतात. नाँतच्या परिसरात मात्र ती संपूर्ण हिवाळाभर त्यावरच राहू देतात. पेशी हळूहळू विरघळू लागल्या की त्यांतली प्रथिने आणि शर्करायुक्त द्रव्ये वाइनमध्ये उतरतात, तिला जिभेवर भरीवपणा येतो आणि ताज्या पावासारखा मंद गंध मिळतो. साका प्राणवायूही शोषून घेत असल्याने वाइनचा ताजेपणा टिकतो. भांडी बदलली नसल्यामुळे किण्वनातला थोडा कार्बन डायऑक्साइड आत राहतो आणि पहिल्या घोटात जिभेला किंचित चुणचुण जाणवते. तो दोष समजू नये. या पद्धतीसाठी इथल्या अनेक तळघरांत जमिनीखाली बांधलेल्या टाक्या वापरतात, कारण तिथे तापमान फारसे बदलत नाही. वाइन स्वच्छ राहते, कारण बाटलीत भरतेवेळी ती तळाचा साका न ढवळता वरून काढली जाते. 'सुर ली' लिहायचे तर वाइन सुगीनंतरच्या वर्षी 1 मार्चपूर्वी बाटलीबंद करता येत नाही, असा नियम आहे, आणि बाटलीबंद करण्याची शेवटची मुदतही ठरलेली असते.

प्रश्न : म्युस्कादे फक्त कालवांसोबतच प्यावी का? आणि ती लगेच संपवावी की ठेवावी?

उत्तर : कालवांशी तिचे इतके जमते की बाकीच्या जोड्या झाकल्या गेल्या, आणि याचे थोडे नुकसान या वाइनलाच सोसावे लागले, असे आमचे मत आहे. ही जोडी जमते ती खारटपणामुळे : कच्च्या कालवातले समुद्राचे पाणी आणि वाइनची आम्लता एकमेकांना उठाव देतात, आणि ओकच्या पिंपाचा किंवा पिकलेल्या फळाचा दाट स्वाद मध्ये येत नाही. हाच न्याय वाफवलेले काळे शिंपले, कोळंबी आणि भाजलेली तारली यांना लागू पडतो. मात्र नाँतचे खरे घरगुती लग्न गोड्या पाण्यातल्या माशाशी लागलेले आहे. लुआरमधला पाईक मासा उकळत्या नव्हे, तर हलक्या गरम रश्शात शिजवतात आणि त्यावर बर ब्लां हा सॉस घालतात. बारीक चिरलेले शॅलट कांदे व्हिनेगर आणि पांढऱ्या वाइनमध्ये आटवून त्यात थोडे थोडे थंड लोणी फेटले की तो तयार होतो. लोण्याचा स्निग्धपणा कापायला आम्लता हवीच, आणि सॉसच्या आंबटपणापुढे फिकी न पडणारी वाइन हवी. म्युस्कादे दोन्ही गोष्टी सांभाळते. चीजमध्ये नाँतच्याच परिसरातले क्युरे नाँते घ्यावे. लाल मांस किंवा गोड पदार्थ यांच्यासमोर ती ठेवू नये. साधी बाटली 8 ते 10 अंश सेल्सिअसला प्यावी. बर्फगार केली तर चवीतले बारकावे झोपी जातात.

ठेवण्याबद्दल : साधी म्युस्कादे तारुण्यातच छान लागते, पण सगळ्याच बाटल्यांना एका मापाने मोजू नये. सेव्र आणि मेन या नद्यांचा परिसर या वाइनचे मुख्य क्षेत्र असून त्याला 1936 साली उत्पत्तिस्थानाची अधिकृत मान्यता मिळाली. त्यातल्या क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले या गावांच्या परिसराला 2011 पासून स्वतंत्र दर्जा आहे (मध्ययुगीन तत्त्वज्ञ आबेलार याचे जन्मगाव हेच ल पाले). क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची, तर गोर्जची गडद, जड गॅब्रो खडकाची. या दोन्ही ठिकाणची वाइन किमान दोन वर्षे साक्यावर मुरते, ल पालेची त्याहून थोडी कमी. आणि गंमत अशी की इतका मुक्काम झाल्यावर 'सुर ली'साठीची बाटलीबंद करण्याची मुदत उलटून गेलेली असते, त्यामुळे सर्वांत जास्त काळ साक्यावर राहिलेल्या बाटल्यांवर ते दोन शब्द बहुधा नसतात. क्लिसाँची वाइन सहसा रुंद आणि भरीव असते, गोर्जची सुरुवातीला आवळलेली व कठोर, म्हणून तिला आणखी काही वर्षे द्यावीत. अशा वाइनला 10 ते 12 अंश तापमान पुरे, आणि सोबत लोण्यात परतलेले स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले) किंवा सायीच्या सॉसमधली कोंबडीसुद्धा चालते.