गोळीबार चौकाजवळचा फ्लॅट

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, फ्लॅट मनात भरलाय, पण गोळीबार चौकाचं नाव काढलं की घरचे एकदम गप्प होतात." त्या गप्प होण्याची मला सवय आहे. १९९६ साली आम्ही नागपूरच्या त्याच भागात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, तेव्हा सासरी आठवडाभर कुणी धड बोललं नव्हतं. पुढे बावीस वर्षं राहिलो. शिवाय नोकरी सगळी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे घरांच्या फायली पुष्कळ पाहिल्या. फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायलाच बसले.

वस्तीबद्दल लोक जे बोलतात ते बहुतेक ऐकीव असतं, आणि बरंचसं तिथं कोण राहतं यावरून ठरलेलं असतं. विणकरांची, मजुरांची, दलितांची, मुसलमानांची वस्ती असली की आपल्याकडे तिचं नाव जरा आवाज खाली करून घेतात. मला ते कधी पटलं नाही, तूही मनावर घेऊ नकोस. तुझ्या काकांच्या छातीत दुखू लागलं ती रात्र सांगते. दोन वाजले होते. जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळेना. खालच्या मजल्यावरचा पावरलूमवर काम करणारा मुलगा आणि समोरच्या घरातले दोघे भाऊ धावून आले, त्यांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, लुगड्यानं खुर्चीला बांधलं आणि एकेक पायरी करत खाली उतरवलं. सावजीच्या खानावळीतून काम आटोपून घरी निघालेला एक पोरगा ऑटो थांबवून उभा होता. त्या रात्रीनंतर त्या भागाबद्दल कुणी वाकडं बोललं की मी तिथल्या तिथे तोंड उघडते.

म्हणजे तिथं त्रास नाहीच, असं मी म्हणत नाही. एका गल्लीत रात्री अकरालाही बाया ओट्यावर बसलेल्या असतात आणि तिच्याच मागच्या गल्लीत पानठेल्यासमोर टोळकं उभं असतं. म्हणून चौकशी गल्लीची कर. दुपारी ब्रोकरबरोबर जाऊन आलीस, ते पुरेसं नाही. मंगळवार-बुधवारी रात्री साडेनऊला जा, शनिवारी पुन्हा जा. ट्यूशनवरून मुली एकट्या परत येतात का, स्कूटी रस्त्यावर उभ्या ठेवून लोक निवांत झोपतात का, किराणा दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे बघ. मग त्या दुकानातून काहीतरी विकत घे आणि दुकानदाराला सरळ विचार. शक्य झालं तर एकदा मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशीही, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, चक्कर मार. त्या दिवशी सगळा जुना भाग रस्त्यावर असतो, गाडी निघत नाही. वर्षातून असे दिवस तुला सोसतील का, हे तुझं तुलाच कळेल.

मोठ्या नावाच्या वस्तीत सगळं सुरक्षितच असतं, असंही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा नावाजलेल्या भागांत पाणी घरांत शिरलं. तेव्हा प्रत्येक ठिकाणी पाणी कोणत्या वाटेनं येतं ते पाहायचं. तळमजल्यावरच्या माणसाला विचार, २०२३ ला पाणी कुठवर आलं होतं. लोक हात लावून दाखवतात.

आता इमारत. ती साधारण १९९० च्या आसपासची आहे म्हणालीस. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे. झालंय का विचार, आणि झालं असेल तर अहवाल माग. पण अहवालाच्या आधी तुझे स्वतःचे डोळे वापर. आपल्याकडे प्रत्येक खिडकीला कूलर असतो. पंधरा-वीस उन्हाळे त्याचं पाणी सज्ज्यावर ठिबकतं, आतली सळई गंजते, फुगते आणि सिमेंटचा थर सुटतो. म्हणून खाली रस्त्यावर उभी राहून सगळ्या सज्ज्यांच्या खालची बाजू बघ. काळपट-तांबूस ओघळ आणि उघडी सळई दिसली, तर वरच्या रंगावर जाऊ नकोस. जागा काळ्या मातीची असेल तर पाया उन्हाळ्या-पावसाळ्यात हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. केसासारखी बारीक चीर असू दे, पण तिच्यात नख शिरलं तर इंजिनिअरला दाखव. त्याची फी द्यायला लागली तरी दे. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हात ठेव, ओल हाताला कळते. तुझा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात दुपारी तीनला स्लॅबखाली उभी राहिलीस तर पंचेचाळीस डिग्री म्हणजे काय ते कळेल, म्हणून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च आतापासूनच धरून चाल.

पाण्याचं मात्र खोदून विचार. नळ किती वाजता येतो, नळातून पाणी ओढायला टिल्लू पंप लावावा लागतो का, मे महिन्यात टँकर मागवतात का, विहीर किंवा बोअर आहे का. मागच्या गल्लीतलं गटार तुंबतं का, हेही.

कागदांवर जरा जास्त लिहिते, कारण मला त्या वस्तीत चोरानं कधी त्रास दिला नाही, नकाशानं दिला. आमच्या इमारतीला मंजुरी तीन मजल्यांची होती, बिल्डरनं चार उभे केले. मी दुसऱ्या मजल्यावर, माझं घर नकाशात जसंच्या तसं. तरी २०१६ ला विकायला काढलं तेव्हा खरेदीदाराच्या बँकेनं इमारत मंजूर नकाशाप्रमाणे नाही म्हणून कर्ज नाकारलं. तसे तीन खरेदीदार गेले, शेवटी दोन वर्षांनी रोखीच्या गिऱ्हाइकाला पडत्या भावात दिलं. नोकरी कर्ज विभागात असूनही १९९६ ला मंजूर नकाशा मी मागितला नव्हता. स्वस्त मिळतंय म्हटल्यावर विचारायची भीती वाटली, कारण विचारलं आणि सौदा फिसकटला तर? ती भीती तुझ्याही आवाजात परवा ऐकू आली. म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

तर मंजूर नकाशा माग आणि मजले मोज. नागपुरात फ्लॅट बहुतेक अपार्टमेंट ओनरशिपच्या १९७० च्या कायद्याखाली असतात, तेव्हा डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारत त्या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र, नोंदलेलं आहे का आणि जमिनीतला तुझा अविभक्त हिस्सा किती टक्के लिहिलाय, ते बघ. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर तुझ्या हातात तेवढाच हिस्सा असेल. जमीन नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजची असेल तर लीज कधी संपते, भूभाडं भरलंय का, हस्तांतराचं ना-हरकत मिळेल का. नझूलची, म्हणजे सरकारी भाडेपट्ट्याची, असेल तर फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, झालीय का. जुन्या गुंठेवारी लेआउटमधली (मंजुरीशिवाय पाडलेल्या प्लॉटांची) असेल तर आरएल लेटर, म्हणजे नियमित केल्याचं पत्र, आहे का. वकिलाकडून मालकीचा आणि बोज्याचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढ. घरटॅक्स आणि महावितरणचं बिल कुणाच्या नावानं आहे, थकबाकी किती, हे इसार देण्याआधी पाहायचं.

फ्लॅट सहाशे फुटांचा आहे असं ब्रोकर सांगतो. टेप घेऊन जा आणि भिंतीच्या आतून आत मोज. सव्वाचारशे भरलं तरी घ्यायला हरकत नाही, पण मग भाव त्याप्रमाणे बोलायचा.

पैशाचं थोडक्यात. चोवीस लाखांच्या घराला वीस लाख कर्ज मिळेल असं तू धरून चालली आहेस. बँक तिचा व्हॅल्युअर पाठवते, तो जुन्या इमारतीची किंमत कमी लावू शकतो, आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून मुदतही कमी देतात. साडेआठ टक्क्यांनी वीस लाखांचा हप्ता वीस वर्षांना साधारण १७,३५६ रुपये आणि पंधरा वर्षांना १९,६९५ बसतो. महिन्याला तेवीसशे जास्त गेले तरी पंधराचाच विचार कर, व्याजात सहा लाखांहून अधिक वाचतात. घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे इथे चोवीस हजार. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. मालक काही रक्कम रोखीत मागेल, ती देऊ नकोस. तुझ्या विक्रीपत्रात जेवढी रक्कम लिहिली जाईल तेवढीच पुढे तुझी म्हणून टिकते.

तुला विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक भागात रोज जायचंय, तर अग्रसेन चौक मेट्रो स्टेशनपर्यंत घरापासून एकदा स्वतः चालत जा, संध्याकाळी अंधार पडल्यावर. सीताबर्डीला गाडी बदलून खापरी. तेवढं चालणं जमलं तर गाडीचा हप्ता टळेल.

आणि इमारतीतल्या सहाही दारांवर जाऊन ये. "मी घर घेतेय, तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचार. गच्ची कोण वापरतं, जिन्याचा लाइट कोण बदलतं, मेंटेनन्स कोण देत नाही, हे तिथंच कळतं. कोणी पाणी विचारलं तर बसून पी, घाई करू नकोस.

इसाराचा चेक अजून दिला नसशील तर थांब. रविवारी सकाळी मी येते, नऊला चौकात भेटू. मोठी टॉर्च घेऊन ये, जिन्याखाली मीटरच्या पेटीपाशी अंधार असतो आणि ओल तिथंच आधी चढते.

तुझी,
मावशी