एजंटला परत विचारलं तर त्याला राग येईल का?

एजंटनं, म्हणजे लेखकाच्या वतीनं पुस्तक प्रकाशकांकडे नेणाऱ्या माणसानं, हस्तलिखित स्वीकारलं, करार झाला आणि मग सगळं शांत. विचारावं तर तो चिडेल, न विचारावं तर झोप लागत नाही. लिहिणारी माणसं समुपदेशनासाठी येतात तेव्हा ही काळजी हमखास निघते. त्यातल्या एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

या बाई कॉलेजात शिकवतात. आजोळच्या गावावर त्यांनी इंग्रजीत कादंबरी लिहिली. दिल्लीतल्या एका एजंटनं ती वाचून होकार कळवला, घरी पेढे आले. त्यानंतर चार महिने एका ओळीचाही निरोप नाही. माझ्याकडे त्या आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-दोन वाजता उठून मेल बघायच्या, मग सकाळच्या तासाला डोकं जड.

न पाठवलेले मसुदे फोनमध्ये होते. ते मी वाचून दाखवायला सांगितले. शेवटच्या पाच ओळींच्या मसुद्यात ‘सॉरी’ तीनदा होतं, प्रश्न एकही नव्हता. “हे वाचून त्यांनी नेमकं काय उत्तर द्यायचं?” मी विचारलं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “मॅडम, त्यांनी माझं पुस्तक घेतलं हेच खूप झालं. त्यांना जाब कसा विचारू?”

त्यांचे वडील सरकारी कचेरीत होते. साहेबांकडे अर्ज दिला की पुन्हा विचारायला जायचं नाही, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो, दिवाळी अंकाच्या संपादकाला स्वतः फोन करतो. मधे एजंट क्वचितच असतो. त्यामुळे ‘इतका उशीर लागतोच गं’ असं सांगणारं ओळखीतलं कुणी नव्हतं. नेहमीचं काय हे ठाऊक नसलं की मन सगळ्यात वाईट तेच धरून बसतं.

पुढच्या भेटीत आम्ही करार समोर ठेवला. मी वकील नाही, कायद्याचा सल्ला देत नाही. पण भीती वाटत असलेला कागद कुणाच्या तरी सोबतीनं वाचला की तो नुसता कागद उरतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्यात लेखिकेच्या कमाईतून एजंटचं कमिशन भारतातल्या विक्रीवर १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के होतं. या व्यवसायात साधारण हेच दर चालतात. पुस्तक प्रकाशकानं घेतलं तरच एजंटला पैसे. वाचनाची फी म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासून लांबच राहावं. कॉपीराइट लेखिकेकडेच होता. ठरावीक मुदतीची नोटीस देऊन दोघांपैकी कुणालाही करार संपवता येणार होता. “म्हणजे ते माझं काम करताहेत?” त्यांनी ते कलम पुन्हा वाचलं. हो, तुमचंच.

मग एक छोटा प्रयोग ठरवला. मेल पाठवण्याआधी मनातलं भाकीत लिहून ठेवायचं. त्यांनी लिहिलं : ‘ते करार मोडतील.’ नव्या मेलमध्ये माफी नाही, तीन साधे प्रश्न : हस्तलिखित कोणत्या प्रकाशकांकडे गेलं, कधी गेलं, कोणाचं काय उत्तर आलं?

ही यादी प्रत्येक लेखकानं मागून घ्यावी, असं मला कळकळीनं सांगायचंय. एका एजंटनं जिथे पुस्तक पाठवलं आणि नकार आला, तिथे दुसऱ्याला तेच पुस्तक सहसा पुन्हा नेता येत नाही. उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर यादीशिवाय नवा एजंट अंधारात राहतो. आणि दोन-तीनदा विचारूनही यादी मिळाली नाही, तर नोटिशीचं कलम त्यासाठीच आहे. नुसत्या शांततेवरून मात्र काही ठरवू नये. संपादकांना वाचायला महिनोन् महिने लागतात, तेव्हा एजंटही वाटच बघत असतो.

उत्तर आठवड्याभरात आलं. करार मोडला नव्हता. दोन नकार होते, बाकीच्यांकडून अजून काही नव्हतं. एका संपादकानं पहिला भाग फार रेंगाळतो असं कळवलं होतं, ते एजंटनं आतापर्यंत यांना सांगितलंच नव्हतं. बाई चिडल्या, माझ्यासमोर रडल्याही. त्या रडण्याचं मला बरं वाटलं. इतके दिवस त्या स्वतःवर चिडत होत्या, आज पहिल्यांदा समोरच्याच्या वागण्यावर चिडल्या.

ती चीड त्यांनी एजंटला फोनवर नीट शब्दांत सांगितली. दर महिन्याला, उत्तर असो वा नसो, दोन ओळींचा मेल यायचा असं ठरलं. पहिला भाग पुन्हा लिहायचा की नाही, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.