हेड गॅस्केट गेलं म्हणतात: दुरुस्ती, विक्री की नवं कर्ज?

नमस्कार ताई,

इतर वाचकांनाही हिशोब कळावा म्हणून आधी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडतो. तुम्ही चिपळूणला शाळेत शिकवता, हातात 52,000 रुपये पगार येतो, घरकर्जाचा हप्ता 16,500 आहे. मिस्टरांच्या दुकानाचं उत्पन्न कमीजास्त होतं. शिल्लक म्हणजे दीड लाखाची एकच एफडी, ती पाच महिन्यांनी मुदत पूर्ण करते. गाडी जून 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 92,000 किलोमीटर चाललेली. वडिलांना महिन्यातून दोनदा कराडच्या दवाखान्यात न्यावं लागतं. गेल्या फेरीत कुंभार्ली घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी टोचन करून खाली आणावी लागली. मेकॅनिकने सायलेन्सरमधला पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ थर पाहून सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय, 45,000 धरा." दीर म्हणतात, आहे तशी 60,000 ला विका आणि साडेसात लाखांची नवी घ्या: एफडीचे दीड लाख भरायचे, सहा लाखांचं कर्ज काढायचं.

तुम्ही विचारलंय, दोन्हींपैकी काय करू? आज यातलं काहीच करू नका. आधी आजार नक्की करून घ्या. 45,000 चा आकडा अजून अंदाजावर उभा आहे, आणि त्या अंदाजावरून सहा लाखांच्या कर्जापर्यंत जाणं मला अजिबात पटत नाही.

इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये गॅस्केट बसतं. सिलिंडरमधला स्फोटाचा दाब, ऑइल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणं हे त्याचं काम. ते फाटलं की कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळतं आणि गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येतो. नाहीतर कूलंट ऑइलमध्ये मिसळतं, किंवा सिलिंडरमधला वायू रेडिएटरमध्ये शिरून बुडबुडे येतात. म्हणजे मेकॅनिकने पाहिलेल्या खुणा खोट्या नाहीत. पण चिपळूणच्या पावसाळ्यात त्या पुरेशाही नाहीत. शाळा जवळ, गाडी रोज थोडीच चालते, इंजिन पुरतं तापत नाही, हवेत दमटपणा. अशा गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली गॅस्केट ठणठणीत असतानाही दुधाळ थर धरतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं पांढरी वाफ येणंही नेहमीचंच. म्हणून झाकण सोडा, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पाहा. डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा चहासारखं दुधाळ असेल तर मात्र काळजीचं.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबलो. गावात काटा कायम मध्ये असायचा, घाटातच वर गेला. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते, समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. पंख्याची मोटर किंवा रिले गेला असेल, रेडिएटर गाळाने तुंबला असेल, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) अडकला असेल, तरी नेमकं असंच होतं, आणि ही कामं काही हजारांत आटपतात. उलट बाजूने, दोन महिन्यांत तीनदा पाणी घालावं लागलं असंही तुम्ही लिहिलंय. ते पाणी कुठेतरी जात होतं. होजमधून किंवा वॉटर पंपातून ठिबकत असेल, नाहीतर आत जळत असेल. म्हणून म्हणतो, डोळ्यांनी पाहून हे ठरत नाही.

तीन चाचण्या मागा. पहिली प्रेशर टेस्ट: गार इंजिनच्या रेडिएटरवर हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरतात आणि काटा उतरतो का ते बघतात. दाब उतरला आणि बाहेर कुठेही थेंब नसेल तर गळती आत आहे. दुसरी, रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन सुरू करायचं. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. ही तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. तिसरी कॉम्प्रेशन: प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे सारखेच पडलेले असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट फाटल्याची ती जुनी, भरवशाची खूण आहे. आकडे कागदावर लिहून घ्या. तुमच्या गॅरेजमध्ये ही साधनं नसतील तर टोचनचे पैसे मोजून दुसरीकडे न्या. दोन-तीन हजार गेले तरी ते वाया गेले असं समजू नका, या सगळ्या व्यवहारात सर्वात कामाचा खर्च तोच आहे.

तोवर गाडी स्वतः चालवत नेऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्रत्येक वेळी तापलं की जास्त वाकतं, आणि गॅस्केटचं काम इंजिनकामावर जातं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कुणी रेडिएटरमध्ये ओतायचं गळती बंद करणारं औषध सुचवेल, तेही नको. त्याने रेडिएटर तुंबू शकतो आणि खरं दुखणं झाकलं जातं.

आता समजा, गॅस्केटच गेलंय. "गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल तर विकून टाका" असं सर्रास सांगतात. मी हा नियम मानत नाही. दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करून काय मिळणार? ती पर्यायाच्या खर्चाशी करायची. तुमच्या गाडीची नोंदणी जून 2028 पर्यंत आहे. पंधरा वर्षं झाली की फिटनेस तपासणी, नूतनीकरणाची 5,000 रुपये फी आणि पर्यावरण कर येतो, तेव्हा गाडी बदलायचा विचार तसाही करावा लागेल. तोवर जवळजवळ दोन वर्षं आहेत. 45,000 त्यावर पसरले तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडतात. गाडीच नसेल तर कराडच्या दोन फेऱ्यांचं भाडं, तुमच्याच आकड्यांप्रमाणे, महिन्याला 7,000. आणि नवी गाडी? सहा लाख, पाच वर्षं, साडेनऊ टक्के धरले तर हप्ता साधारण 12,600, एकूण व्याज दीड लाखावर. घरकर्जासह हप्ते 29,100 होतात, म्हणजे पगाराचे 56 टक्के. शिवाय एफडी शोरूममध्ये गेलेली. जुन्या गाडीचे 60,000 हाती राहतील, पण वडिलांना ॲडमिट करावं लागलं तर ते किती दिवस पुरतील? दिरांचा हेतू चांगला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यापासून नवी गाडी घ्यायचा मोह होतो हेही खरं. पण तुमच्या घरात आज हा हप्ता बसत नाही.

विकायचीच असली तरी गणित दुरुस्तीच्या बाजूने जातं. चालू स्थितीत एक लाख चाळीस हजार येतील असं दिरांनीच सांगितलंय. त्यातून 45,000 वजा केले तर 95,000 उरतात, आहे तशी दिली तर 60,000. घेणाऱ्याला दुरुस्तीचं बिल दाखवा, लपवू नका.

मात्र खर्चाला कुंपण घाला, कारण हेड उतरवल्यावर आकडा फुगतो. एस्टिमेट लेखी घ्या: गॅस्केट सेट, हेडचे नवे बोल्ट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल-फिल्टर, मजुरी, सगळं वेगवेगळं. 45,000 मध्ये यातलं काय धरलंय ते तुमच्या पत्रात नाही. मेकॅनिकला आधीच सांगा, "हेड उतरवा, पट्टी ठेवून वाक मोजा, तडा बघा आणि मला फोन करा. तोवर एकही पार्ट मागवू नका." तिथेच थांबायचं ठरलं तर मजुरी किती, तेही आधी ठरवा. हेड सरळ किंवा फेसिंगने निघण्याइतकंच वाकलेलं असेल तर काम करून घ्या. तडा गेला असेल किंवा ब्लॉकला इजा असेल आणि आकडा 65,000 च्या वर जात असेल तर तिथे थांबा आणि आहे तशी विका. दुरुस्त आणि नादुरुस्त भावातला फरक 80,000 चा आहे. पुढे निघणाऱ्या किरकोळ कामांसाठी आणि मोडणाऱ्या दिवसांसाठी त्यातले पंधरा हजार मी राखून ठेवतो.

आणखी एक विचारतो. जुलै 2021 च्या पुरात ही गाडी पाण्यात होती का? असेल तर मेकॅनिकला जरूर सांगा आणि माझी रेषा 65,000 वरून 50,000 वर आणा. पाण्यात बसलेल्या गाडीची वायरिंग, सेन्सर पुढे काय खर्च काढतील याचा भरवसा नसतो.

पैसे एफडीतूनच येऊ द्या, असल्या वेळेसाठीच ती आहे. पण मोडू नका, मुदतीआधी मोडली तर बँक व्याज कापते. एफडीवर कर्ज घ्या, दर सहसा एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. 45,000 उचलून महिन्याला 5,000 परत केले तर आठ टक्क्यांनी नऊ महिन्यांत सगळं मिळून दीड-दोन हजार व्याज जाईल. पाच महिन्यांनी एफडी पूर्ण झाली की उरलेलं तिथेच फिटेल. क्रेडिट कार्डावर ही रक्कम अजिबात ओढू नका.

विम्याकडून आशा धरू नका. नेहमीची पॉलिसी यांत्रिक बिघाड आणि झीज भरून देत नाही. फक्त, पुढे गाडी विकलीत तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीच्या विम्यावर वापरता येतो. आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करा, मालकी बदलाच्या नुसत्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी देऊ नका.

या आठवड्यात चाचण्या करून घ्या आणि कॉम्प्रेशनचे चारही आकडे मला पाठवा. वडिलांच्या पुढच्या एक-दोन फेऱ्या भाड्याच्या गाडीने होऊ द्यात, तेवढ्यासाठी घाई करू नका.