सराव सामना, रंगीत तालीम की खडाखडी?

प्रश्न असा आला आहे: "परदेशी संघ दौऱ्यावर आला की मालिकेआधी दोन-तीन दिवसांची 'वॉर्म-अप मॅच' खेळतो. वर्तमानपत्रं त्याला 'सराव सामना' म्हणतात. पण एका सामन्यात सराव कसला होणार? 'रंगीत तालीम' जास्त बरोबर नाही का? आणि हा शब्द जोडून लिहायचा की तोडून?"

'सराव सामना' हाच शब्द वापरा, तो मराठीत पक्का रुळला आहे. तरीही विचारणाऱ्याला जे खटकलं ते उगाच खटकलेलं नाही.

'सराव' या शब्दाबरोबर आपण क्रियापद कोणतं घेतो ते बघा. 'सराव करणे' आणि 'सराव असणे' यांत बरंच अंतर आहे. सराव तासाभराचाही करता येतो: आज नेटमध्ये सराव केला, संपलं. पण 'त्याला या खेळपट्ट्यांचा सराव आहे' म्हटलं की त्यामागे महिने, कधी वर्षं असतात. 'सराव सुटला', 'सराव ठेवा', 'सरावलेला हात' या सगळ्यांत काळ मुरलेला आहे. दोन दिवसांच्या सामन्यात पाहुणा संघ सराव करतो; त्याला सराव होत मात्र नाही. शब्द एकच असल्यामुळे आपल्याला दुसऱ्या अर्थाची आशा वाटते आणि पदरात पहिला पडतो.

(हिंदीत याच सामन्याला 'अभ्यास मैच' म्हणतात. संस्कृतात अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. पाणिनीच्या व्याकरणात तर द्वित्व झालेल्या धातूच्या पहिल्या भागालाच 'अभ्यास' हे नाव आहे. मराठीत अभ्यास वह्या-पुस्तकांकडे गेला आणि मैदानावर सराव उरला. 'अभ्यास सामना' वाचून आपल्याला परीक्षा आठवेल.)

'सराव असणे' हा अर्थ पुरा पडेल असे दौरे एके काळी होत. १९३२ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा कसोटी होती एकच, २५ जूनला लॉर्ड्सवर सुरू झालेली. पण त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीचे सामने झाले २६. ब्रॅडमनचा १९४८चा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडमध्ये एकूण ३४ सामने खेळला आणि एकही हरला नाही. एवढं खेळल्यावर ओली हवा, हिरवी खेळपट्टी, उशिरा वळणारा चेंडू हे सगळं अंगवळणी पडणारच.

गंमत म्हणजे त्या सामन्यांना सरावाचे म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं होतं. १९२६ साली बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडूंनी इंग्लंडहून आलेल्या आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या. ती काही कसोटी नव्हती, पण भारताला कसोटीचा दर्जा मिळण्याच्या गोष्टीत ती खेळी हटकून येते. १९४६ साली ओव्हलवर सरे या इंग्लिश कौंटीविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांवर बाद झाले होते. तिथून चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी या शेवटच्या जोडीने २४९ धावांची भागी रचली, दोघांचीही शतकं झाली. अशा सामन्यांना मी 'दौऱ्यातला सामना' म्हणेन. 'सराव' हे विशेषण तिथे तोकडं पडतं.

आता 'रंगीत तालीम'. हा शब्द नाटकवाल्यांचा. रंगीत तालमीत तीच नटमंडळी, तीच संहिता, तोच वेश, तेच दिवे. नसतात ते फक्त तिकीट काढलेले प्रेक्षक. (मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'शिकवणे'. आपल्याकडे तो नाटकातही गेला आणि आखाड्यातही. कोल्हापुरात तर तालीम मंडळं फुटबॉलही खेळतात.) दौऱ्यावरच्या सामन्यात समोरचं पात्रच बदललेलं असतं, आणि यजमान ते मुद्दाम बदलतात. २०१२ साली इंग्लंडचा संघ मुंबईत उतरला. ब्रेबॉर्नवर भारत 'अ' संघाशी सामना होता, आणि त्या संघात आघाडीचा एकही फिरकीपटू ठेवलेला नव्हता. अधूनमधून फिरकी टाकणाऱ्या युवराज सिंगनेच पाच बळी घेतले. पुढे अहमदाबादच्या कसोटीत प्रज्ञान ओझा आणि अश्विन समोर आल्यावर इंग्लंडचा पहिला डाव १९१ धावांत आटोपला. नायकाची वाक्यं दुसऱ्याच कुणी वाचलेली तालीम रंगीत कशी म्हणायची? पुढची मालिका मात्र इंग्लंडनेच २-१ अशी जिंकली. तो सराव त्यांना कसोट्यांमध्येच झाला म्हणायचा.

'वॉर्म-अप'चं शब्दशः भाषांतर तर करूच नये. गवयाचा गळा तापतो, ते मैफलीआधी अर्धा तास. फलंदाजाचं काम अंग तापवून भागत नाही; त्याची नजर बसावी लागते. इंग्लंडमध्ये ड्यूक चेंडू, ऑस्ट्रेलियात कुकाबुरा, आपल्याकडे एसजी; तिन्हींची शिवण वेगळी, उसळी वेगळी. नेटमध्ये बाद झालं तरी पुढचा चेंडू मिळतो. सामन्यात बाद झालं की पॅड सोडून बसावं लागतं, आणि नजर बसते ती या धाकानेच.

मला विचाराल तर या छोट्या सामन्याचं वर्णन करायला सगळ्यात जवळचा शब्द कुस्तीतला आहे: खडाखडी. सलामी झडते, पंजे भिडतात, मल्ल एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेतात. डाव अजून कुणी टाकलेला नसतो. १९९८च्या फेब्रुवारीत ब्रेबॉर्नवर मुंबई विरुद्ध ऑस्ट्रेलिया हा तीन दिवसांचा सामना झाला, तो अस्सल खडाखडीचा. सचिनने नाबाद २०४ केल्या, शेन वॉर्नला १११ धावा मोजून एकही बळी मिळाला नाही आणि मुंबई दहा गडी राखून जिंकली. पण त्या धुलाईत वॉर्नने राउंड द विकेट (यष्ट्यांच्या दुसऱ्या बाजूने) येऊन लेगस्टंपबाहेरच्या खरबडीत जागेवर मारा केला नव्हता. हा डाव त्याने झाकून ठेवलाय हे सचिनने ओळखलं आणि माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला तसाच मारा करायला लावून तयारी केली. चेन्नईच्या कसोटीत पहिल्या डावात वॉर्नने त्याला ४ धावांवर काढलं; दुसऱ्या डावात सचिन नाबाद १५५. समोरच्याने काय दाखवलं यापेक्षा काय दाखवलं नाही, ते ओळखणं यालाच तर खडाखडी म्हणतात.

खडाखडी न करता थेट भिडणाऱ्यांचं काय होतं? काहीही होतं. २०२३ साली ऑस्ट्रेलियाने सराव सामना न घेता बंगळुरूजवळ आलूरला शिबिर लावलं, अश्विनसारखी गोलंदाजी करणाऱ्या बडोद्याच्या महेश पिठियाला नेटमध्ये बोलावलं, आणि नागपुरात तीन दिवसांत एक डाव १३२ धावांनी हरले. पुढच्या वर्षी इंग्लंड अबू धाबीत तयारी करून थेट हैदराबादला उतरलं आणि पहिली कसोटी जिंकलं; नंतरच्या चारही हरलं. उलट २०२०च्या डिसेंबरात भारत सिडनीत गुलाबी चेंडूवर तीन दिवस रीतसर खेळला आणि पुढच्याच आठवड्यात अ‍ॅडलेडला ३६ धावांत गारद झाला. तेव्हा सामन्याला फार मोठं नाव देऊ नये हेही खरं.

मात्र 'लुटुपुटूचा सामना' म्हणून हिणवायची घाई नको. २०२१ साली डरहॅमला कौंटी संघाला खेळाडू कमी पडले म्हणून आपलेच वॉशिंग्टन सुंदर आणि आवेश खान त्यांच्याकडून खेळले आणि दोघेही जायबंदी झाले. याहून लुटुपुटूचं काय असणार? पण त्याच सामन्यात मधल्या फळीत येऊन के. एल. राहुलने शतक ठोकलं. पुढे मयंक अगरवालला डोक्यावर चेंडू लागल्याने राहुलच सलामीला गेला आणि लॉर्ड्सवर १२९ करून आला.

राहिला जोडून की तोडून हा प्रश्न. 'क्रीडांगण' म्हणजे क्रीडेसाठी अंगण, तसा 'सरावसामना' म्हणजे सरावासाठी सामना. समास म्हणून जोडून लिहिणं नियमाला धरून आहे. पण 'कसोटी सामना' सगळे तोडून लिहितात, म्हणून मीही 'सराव सामना' तोडूनच लिहितो. 'सराव सामन्यात', 'सराव सामन्यांना' अशी रूपं होतील. आणि 'सराव सामन्यातून खेळपट्टीचा अंदाज आला' असं खुशाल लिहा. 'सराव सामन्यामुळे खेळपट्टीचा सराव झाला' असं लिहिण्याआधी सामना किती दिवसांचा होता ते एकदा बघा.