‘जितके सीझन, तितकी पुस्तकं’ हा नियम आधी मोडीत काढा

तुमची पोस्ट वाचून कपाळावर हातच मारला, कारण नेमक्या याच नियमापायी आमचाही गट फुटला होता. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा: सात जण मिळून जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेची पाचही पुस्तकं वाचायला बसलेत. तिघांची आधीच वाचून झालीत, चौघांनी तिच्यावरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही मालिकेचे फक्त पहिले तीन सीझन पाहिलेत. ‘जितके सीझन पाहिले, तितक्या पुस्तकांवर मोकळेपणी बोलायचं’ असं ठरलं आणि दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी पुढचं फोडलं म्हणून भांडण पेटलं.

(खाली तिसऱ्या सीझनपर्यंतचे उल्लेख आहेत, त्यापुढचं काही उघड करत नाही. तेवढंही नको असेल त्यांनी इथेच थांबावं.)

पुस्तकं कोणत्या क्रमाने, भाषांतर की मूळ, वगैरे सोडून देतो. तुमचं दुखणं ते नाहीच. दुखणं त्या नियमात आहे.

एक सीझन म्हणजे एक पुस्तक हे समीकरण पहिल्या पुस्तकापुरतं बऱ्यापैकी जुळतं आणि तिथेच माणूस फसतो. प्रस्तावनेसकट ७३ प्रकरणं आणि १० भाग, हिशेब कसा छान बसतो. दुसऱ्या सीझनपासून शिवण उसवायला लागते. उत्तरेच्या राजाचं लग्न मालिकेत दुसऱ्या सीझनच्या शेवटी दिसतं. पुस्तकात ती बातमी कळते तिसऱ्या पुस्तकात, आणि नवरीही वेगळी आहे. जोजेन आणि मीरा ही भावंडं दुसऱ्या पुस्तकातली, मालिकेत ती तिसऱ्या सीझनमध्ये उगवतात. हॅरनहॉलच्या किल्ल्यात आर्या मालिकेत ज्याच्या पेल्यात दारू ओतते तो आणि पुस्तकात ज्याची चाकरी करते तो, ही दोन वेगळी माणसं आहेत. म्हणजे दुसरा सीझन पाहिलेला सदस्य दुसऱ्या पुस्तकाबद्दल एकाच वेळी जास्तही जाणतो, कमीही जाणतो आणि चुकीचंही जाणतो. त्याला मोकळेपणी बोलायची परवानगी देणं म्हणजे डोळे बांधून दगड मारायला सांगणं.

तिसऱ्या पुस्तकात ८२ प्रकरणं आहेत, आणि मालिकेने ती तिसऱ्या आणि चौथ्या सीझनमध्ये वाटून घेतलीत. तिसऱ्या सीझनचा तो नववा भाग, ज्यानंतर लोकांनी न वाचलेल्या मित्रांचे चेहरे चित्रित करून टाकले होते, तो पुस्तकात ‘केटलिन ७’मध्ये, म्हणजे केटलिन या पात्राच्या नावाच्या सातव्या प्रकरणात येतो. त्यानंतर अजून ३० प्रकरणं उरतात. तुमच्या नियमाप्रमाणे मात्र तीन सीझन पाहिलेल्या चौघांसमोर ती तीसच्या तीसही उघडी! दुसऱ्या आठवड्यातल्या भांडणाचं मूळ बहुतेक इथेच असणार.

पण सगळ्यात महागात पडणारी गोष्ट ही नाही. ती अशी, की तिसरा सीझन पाचवं पुस्तक फोडतो. एक पात्र दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी नाहीसं होतं. तिसऱ्यात आणि चौथ्यात ते एकाही प्रसंगात समोर येत नाही, नुसता उल्लेख तेवढा कानावर पडतो. पाचव्यात एक प्रकरण वेगळ्याच नावाने सुरू होतं. अंधार, दुर्गंधी, भूक, आणि आपण कोणाच्या डोक्यात शिरलोय हे पहिली काही पानं कळत नाही. मग हळूहळू लक्षात येतं. मालिकेला कसलेला नट दोन वर्षं घरी बसवणं परवडणार नव्हतं, म्हणून ते सगळं तिसऱ्या सीझनभर समोरच घडतं. माध्यमाची अडचण समजू शकते, दोष देत नाही. पण तुमच्या चौघांसाठी तो धक्का गेलाय, तो परत येणार नाही. निदान पुढे गटात येणाऱ्या ज्यांनी कोणी अजून तिसरा सीझन पाहिलेला नसेल, त्यांच्यासमोर ‘पुढे त्याचे काय हाल होतात बघ’ एवढंसुद्धा बोलू नका. आमचा गट फुटला तो याच एका वाक्यावर.

आता कुठपर्यंत बोलायचं याची रेषा कशी आखायची ते. पानांच्या आकड्यावर आखू नका. आवृत्त्या वेगळ्या, फाँट वेगळे, ई-बुकला तर पान ही चीजच नाही. त्यात ब्रिटिश पेपरबॅकमध्ये तिसरं आणि पाचवं पुस्तक दोन-दोन खंडांत येतं. तिसऱ्याचे ‘स्टील अँड स्नो’ आणि ‘ब्लड अँड गोल्ड’, पाचव्याचे ‘ड्रीम्स अँड डस्ट’ आणि ‘आफ्टर द फीस्ट’. त्यामुळे ‘पाच पुस्तकांचा संच’ कुठे पाच खंडांचा असतो, कुठे सात. मागवताना मुखपृष्ठावर बारीक अक्षरात ‘भाग १’ लिहिलंय का ते चित्र मोठं करून बघा. एका ऑनलाइन विक्रेत्याच्या ग्राहक-विभागाला ‘अर्धंच पुस्तक आलंय’ हे समजवायला अकरा मेल लागले, आणि शेवटी उत्तर आलं, ‘वस्तू वर्णनाप्रमाणे आहे’. वर्णनात अख्ख्या पुस्तकाचं नाव, पाकिटात पूर्वार्ध. असो, तो राग इथे नको.

प्रकरणाच्या अनुक्रमांकावरही रेषा नको. छापील पुस्तकात प्रकरणांना क्रमांकच नाहीत, वर फक्त पात्राचं नाव असतं. क्रमांक चाहत्यांनी लावलेले, आणि त्यात दोन पंथ आहेत: काही जण प्रस्तावनेला शून्य धरतात, काही जण एक. फरक एकाचाच, पण तिसऱ्या पुस्तकात ‘५१पर्यंत वाचून या’ असं सांगा आणि गंमत बघा. शून्यवाले ‘केटलिन ७’ संपवून सुन्न होऊन येतात, एकवाले ‘आर्या १०’वर थांबून हसतखेळत येतात. पाचही पुस्तकांतलं सर्वात मोठ्या धक्क्याचं प्रकरण अर्ध्या गटाचं वाचून झालेलं असतं आणि अर्ध्याचं उद्यावर असतं.

म्हणून नाव आणि त्या नावाचं कितवं प्रकरण, एवढंच लिहा: ‘ब्रान २’, ‘केटलिन ४’. दर रविवारी गटात एकच ओळ टाका, ‘रेषा: केटलिन ४’. रेषा सगळ्यात मागे असलेल्याची, सगळ्यात पुढच्याची नाही. मागचा फारच रेंगाळला तर दोन आठवडे थांबा, मग त्याच्याशी खाजगीत बोला, पण रेषा परस्पर पुढे ढकलू नका. चौथ्या-पाचव्या पुस्तकात ही पद्धत जरा अडते, कारण तिथे काही प्रकरणांना नावाऐवजी ‘द प्रॉफेट’सारखी बिरुदं आहेत. तिथे बिरुदच लिहायचं.

ई-बुकवाल्यांना एक सूचना द्या: अनुक्रमणिका उघडायची नाही. प्रकरणं पात्रांच्या नावाने असल्यामुळे एखादं नाव कुठल्या ठिकाणानंतर पुन्हा येतच नाही हे एका नजरेत दिसतं. परिशिष्टाचंही तेच. मागे घराण्यांच्या याद्या असतात, आणि पुढच्या पुस्तकांच्या याद्यांत कोण गेलं, कधीकधी कसं गेलं, हेही नोंदलेलं असतं. हातातल्या पुस्तकाचं परिशिष्ट वापरा, पुढच्याचं चाळू नका. विकी तर नकोच. नुसतं आडनावाचं स्पेलिंग बघायला गेलेला माणूस चौकटीत मृत्यूची तारीख वाचून परत येतो. शोधयंत्रात नाव टाकलं की पुढचा शब्द ते स्वतःच सुचवतं, आणि तो शब्द कोणता असतो हे सांगायला नको.

आता तुमच्या तीन वाचलेल्यांकडे वळतो, कारण खरा धोका त्यांचा आहे. ते मुद्दाम फोडत नसतात. ते ‘मदत’ करत असतात. ‘याच्यात फार जीव गुंतवू नकोस’, ‘हे वाक्य लक्षात ठेव हं’, ‘थांब, मजा पुढेच आहे’. ही तिन्ही वाक्यं म्हणजे फोडणंच आहे. त्याहून बारीक प्रकार म्हणजे नवख्याच्या अंदाजावर प्रतिक्रिया देणं. अंदाज चुकला की हे खो-खो हसतात, बरोबर असला की एकदम गप्प होतात किंवा डोळा मारणारी इमोजी टाकतात. चार आठवड्यांत नवख्यांना ती शांतता वाचता येते. नियम करा: अंदाजावर वाचलेल्यांनी काहीही बोलायचं नाही, बरोबरलाही नाही आणि चूकलाही नाही. फार विचारलं तर ‘व्हील ऑफ टाइम’ या दुसऱ्या कादंबरीमालेच्या लेखकाचं ठरलेलं उत्तर आहे, ‘वाचा, म्हणजे कळेल’. तेच आणि तेवढंच, प्रत्येक वेळी एकाच सुरात. शिवाय सगळे अंदाज तारीख घालून एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. वाचलेल्यांना त्यांचा आनंद तिथे मिळतो, तिसऱ्या पुस्तकानंतर उघडून बघायला.

ॲपबद्दल. डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो. झाकायची सोय नसेल तिथे पहिल्या ओळीत फक्त रेषा लिहा (‘पुस्तक २, आर्या ५ पर्यंत’), मग दहा-बारा ओळींत एकेक टिंब, मग मजकूर. नाहीतर नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोन ओळी फोनच्या पडद्यावर येतात आणि ज्याने गट उघडलासुद्धा नाही त्याचाही घात होतो. अशा संदेशाला उत्तर देताना तो उद्धृत करू नका.

मालिका बरोबरीने बघणार असाल तर माझं मत टोकाचं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. चौथा सीझन पाचही पुस्तकं संपेपर्यंत लावूच नका. त्याचा मुख्य भाग तिसऱ्या पुस्तकाचा आहे हे खरं, पण शेवटच्या भागात ब्रान जिथे पोहोचतो तिथे तो पुस्तकात पाचव्यात पोहोचतो. पाचवा सीझन चौथं आणि पाचवं एकत्र कालवतो. सहावा, म्हणजे २०१६चा, बऱ्याच ठिकाणी पुस्तकांच्या पुढे निघून जातो. तिथून पुढे फोडणारी मालिकाच असते, आणि सहावं पुस्तक अजून आलेलं नाही, त्यामुळे तिथे थांबायचं की बघून टाकायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

चौथं पुस्तक ही गट गळण्याची जागा. ४६च प्रकरणं, पण लोकांची लाडकी अर्धी पात्रं त्यात नाहीतच, ती पाचव्यातल्या ७३ प्रकरणांत आहेत. बराचसा काळ तोच, भूगोल वेगळा. म्हणून दोन्ही पुस्तकांची ११९ प्रकरणं एकत्र ओवून वाचायचे क्रम चाहत्यांनी तयार केलेत. दुसऱ्या वाचनाला ते उत्तम आहेत. पहिल्या वाचनाला नको असं माझं ठाम मत, कारण लेखकाने जी माहिती दडवून ठेवलीय ती त्या क्रमात भलत्याच जागी उघडी पडते. (हे क्रम लावणाऱ्यांनी राग मानू नये, मेहनत अफाट आहे.) त्यापेक्षा तिसऱ्यानंतर महिनाभर सुट्टी घ्या आणि याच जगातल्या डंक आणि एग या जोडीच्या तीन लघुकादंबऱ्यांपैकी पहिली वाचा, ‘द हेज नाइट’. घडते जवळपास नव्वद वर्षं आधी, त्यामुळे मुख्य कथेतलं काहीही फुटत नाही.

ऑडिओवर ऐकणारा कोणी असेल तर रॉय डॉट्रिस यांचं वाचन आहे. पहिल्याच पुस्तकात २२४ आवाज काढलेत म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. पण काही नावांचे उच्चार ते पुढच्या पुस्तकांत बदलतात, त्यामुळे ऐकणारा आणि वाचणारा एकाच बाईबद्दल बोलतायत हे कळायला वेळ लागतो. गटात नावांचं मराठी लेखन एकदाच ठरवून टाका, म्हणजे शोधतानाही सापडेल.

वेग आठवड्याला सात प्रकरणांचा ठेवा, पहिलं पुस्तक दहा-अकरा आठवड्यांत होतं. फक्त सुरुवात मोठी घ्या. मालिकेचा पहिला भाग ब्रानच्या त्या प्रसंगावर, म्हणजे ‘ब्रान २’वर संपतो, पण समुद्रापलीकडचं लग्न त्याच भागात आहे आणि पुस्तकात ते तीन प्रकरणं पुढे येतं. मधली ‘टिरियन १’ आणि ‘जॉन २’ मालिकेत दुसऱ्या भागात येतात, त्याने काही बिघडत नाही. तेव्हा पहिल्या आठवड्याची बारा प्रकरणं आणि रेषा ‘डेनेरिस २’. सगळ्यांचं तिथपर्यंत झालं असं सगळ्यांनी लिहिल्यावरच पहिला भाग लावा.