‘आज किती पडले?’ हा प्रश्न आधी बंद करा

(पत्र खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं आहे. ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला आहेत, मुलगा बेळगावात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, असताना लॉकडाऊनमध्ये त्याने सरकारी भरती आणि योजनांची माहिती देणारी मराठी वेबसाइट सुरू केली. २०२४ च्या सुरुवातीला जाहिरातींचे महिन्याला २२ हजार रुपये येत होते. त्या भरवशावर सोसायटीचं कर्ज काढून घरावर माडी चढवली. मार्च २०२४ पासून वाचक घटत गेले, आता महिन्याला दोन हजारही होत नाहीत. मुलाचे दोन विषय राहिले आहेत. पुण्याचा एक क्लास ६५ हजारांत सहा महिन्यांचा एसईओचा, म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर आणण्याचा, कोर्स आणि ‘साइट पहिल्या नंबरवर आणण्याची हमी’ देतो आहे. प्रश्न असा : हा क्लास लावावा, एमसीए करावं, की बँकेची तयारी?)

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात गूगलबद्दल दीड पान आहे आणि मुलाबद्दल चार ओळी. मला लिहायला बसवलं ते त्या चार ओळींनी. तुम्ही लिहिता, ‘कामावरून आलो की पहिलं विचारतो, आज किती पडले? पूर्वी हसत सांगायचा. आता माझ्या गाडीचा आवाज आला की माडीवर जातो आणि जेवायला हाक मारल्याशिवाय खाली येत नाही.’

दादा, तुम्ही फाउंड्रीत आहात. रोज संध्याकाळी चप्पल काढायच्या आत घरातलं कुणी ‘आज किती कास्टिंग रिजेक्ट झाली?’ असं विचारू लागलं, तर तुम्हीसुद्धा चौकातच चहा पीत बसाल. तो तेच करतो आहे. आणि ज्या माडीवर जाऊन बसतो, तिचा हप्ता आपल्यामुळे थकतोय हे त्याला रोज त्या भिंतींकडे बघून आठवत असणार.

सुरुवात कशी झाली ते बघा. ॲडसेन्सला, म्हणजे साइटवरच्या जाहिरातींचे पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेला, १८ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून खातं तुमच्या नावावर उघडलं. पैसे तुमच्या बँकेत येऊ लागले. त्यात चूक काही नव्हती. पण हळूहळू ती कमाई घराच्या हिशेबात शिरली आणि मुलाला कुणी न विचारता कमावता करून टाकलं. कॉलेजात पाऊल ठेवलेल्या पोराच्या वेबसाइटवर तुम्ही ९,४०० रुपयांचा हप्ता टाकलात. हे मी स्पष्ट लिहिते आहे, कारण पत्रभर तुम्ही गूगलला दोष दिलात, मुलाच्या ‘लक्ष नसण्याला’ दिलात, या हप्त्याचा उल्लेख मात्र जाता जाता एका ओळीत केलात. माझ्या लेखी त्या ओळीपासून सगळं सुरू होतं. या आठवड्यात सोसायटीत जा, मुदत वाढवून हप्ता तुमच्या पगारात बसेल एवढा करून घ्या. सेक्रेटरीशी बोलायला लाज वाटेल, पण ते बोलणं तुमचं काम आहे, मुलाचं नव्हे. आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही : १०० डॉलर जमल्याशिवाय ॲडसेन्स पैसे पाठवत नाही. आताच्या कमाईत तेवढे जमायला चार महिन्यांहून जास्त जातील. म्हणजे ‘या महिन्यात काहीच का नाही आलं?’ याचं उत्तर त्या बिचाऱ्याच्या हातात नाही.

आता गूगल. तुम्ही लिहिता, ‘गूगलने आमची साइट ब्लॉक केली, क्लासवाले उघडून देतात.’ हा समज अगदी पक्का बसलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. ब्लॉक झालेली नाही. गूगलच्या माणसांनी एखाद्या साइटवर कारवाई केली, तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटमालकाला त्याच्या साइटचे आकडे दाखवतं तिथे, ‘मॅन्युअल ॲक्शन’ या पानावर तसं लिहून येतं. मुलाला ते पान उघडायला सांगा. तिथे काही नसेल, तर कारवाई झालेली नाही, क्रम बदलला आहे. गूगल वर्षातून काही वेळा आपली क्रमवारी लावण्याची पद्धतच मोठ्या प्रमाणावर बदलतं, त्याला कोअर अपडेट म्हणतात. ५ मार्च २०२४ ला सुरू झालेलं अपडेट तब्बल ४५ दिवस चाललं, १९ एप्रिलला संपलं. त्याच वेळी नवा नियमही आला : केवळ शोधात वर येण्यासाठी ढिगाने पानं काढली असतील, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने, तर ती स्पॅम धरली जातील. या क्रमवारीत पैसे भरून वर जाता येत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्याच मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. तेव्हा हमी देणारा क्लास पहिल्याच वाक्यात खोटं बोलला. क्लासच्या पत्रकात ‘५,००० बॅकलिंक’, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका, फुकट देऊ असंही आहे. असल्या कृत्रिम लिंकांना आळा घालायला गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आणलं होतं. त्या क्लासला ६५ हजार देऊ नका. ६५ रुपयेही देऊ नका.

तुम्ही लॅपटॉपच्या पडद्याचे दोन फोटो पाठवलेत. पहिल्यात सर्च कन्सोलच्या आलेखातल्या दोन रेषा आहेत. जांभळी रेष म्हणजे साइट शोधात किती वेळा दिसली, निळी म्हणजे किती जणांनी तीवर क्लिक केलं. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही एकदम कोसळल्यात. तो त्या अपडेटचा फटका. पण नंतर सप्टेंबरपासून बघा : जांभळी जवळपास सपाट आहे आणि निळी एकटीच उतरत गेली आहे. साइट दिसते आहे, लोक आत येत नाहीत. याचं कारण बहुधा वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतात इंग्रजी आणि हिंदीत एआय ओव्हरव्ह्यू सुरू केलं, म्हणजे शोधलं की वरतीच तयार उत्तर. ‘शेवटची तारीख किती, फी किती, वय किती’ एवढंच ज्याला हवं, त्याला उत्तर तिथेच मिळतं. मराठी वाचकाला याचा फटका कसा, तर आपल्याकडे बरेच जण मोबाइलवर रोमन अक्षरांतच टाइप करतात, आणि तसं शोधलं की ते इंग्रजी-हिंदी उत्तर पुढे येऊ शकतं. मुलाचे बरेचसे वाचक तसेच यायचे, हे दुसऱ्या फोटोतल्या शब्दांवरून दिसतं.

(त्याच फोटोच्या डाव्या कोपऱ्यात त्याचं हॉल तिकीट आलं आहे. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. आलेख दाखवण्याच्या नादात तुमचं तिकडे लक्ष गेलं नसावं.)

मार्चमधल्या पडझडीबद्दल मात्र एक कडू गोष्ट बोलायला हवी. तुम्ही अभिमानाने लिहिलंय, ‘कमाई वाढावी म्हणून मीच त्याला रोज १० लेखांचं टार्गेट दिलं.’ साइटवर आज १,३०० च्या वर लेख आहेत. मी वीसेक उघडून पाहिले. राजस्थानची पोलीस भरती, बिहारची शिक्षक भरती, दुसऱ्या साइटवरून उचलून एआयच्या टूलमधून फिरवलेली. वाक्यं तीच, फक्त राज्याचं नाव बदललेलं. खानापुरात बसून बिहारच्या भरतीबद्दल त्याला काय माहीत असणार? कॉलेजला जाणाऱ्या मुलाने रोज १० लेख द्यायचे, तर तो दुसरं काय करील? त्या नव्या नियमात जे नको म्हटलंय, नेमकं तेच तुमच्या टार्गेटने त्याच्याकडून करून घेतलं. त्याने अभ्यासाच्या रात्री त्यात घातल्या आणि दोन विषय तिथेच राहिले.

या ढिगाऱ्यात १४ पानं अशी आहेत, जी मार्चमध्येही हलली नाहीत. ती बघून मला खरा आनंद झाला. आजोबांच्या ‘संध्या सुरक्षा’ पेन्शनसाठी तो त्यांच्याबरोबर नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, गेला होता, तिथली हकिकत आहे. कुठला कागद आधी मागितला, कुठल्या झेरॉक्ससाठी परत पाठवलं, खिडकीवरचा माणूस काय म्हणाला आणि त्याचा अर्थ काय. ‘आदाय प्रमाण पत्र’ म्हणजे उत्पन्नाचा दाखला. महाराष्ट्रातले नातेवाईक ज्याला सातबारा म्हणतात, आपण नुसता उतारा म्हणतो, ती इथे ‘पहणी’, म्हणजेच आरटीसी. कन्नड फॉर्ममधला प्रत्येक रकाना त्याने देवनागरीत लिहून समजावला आहे. कन्नड न वाचता येणाऱ्या मराठी म्हाताऱ्या माणसाला खिडकीपुढे काय वाटतं, हे ज्याने पाहिलंय त्यालाच असं लिहिता येतं. गूगल दर्जा तपासताना ज्या चार गोष्टी बघायला सांगतं, त्यात डिसेंबर २०२२ पासून ‘स्वतःचा अनुभव’ ही एक वाढली आहे. या १४ पानांत तो आहे, उरलेल्या हजारात नाही.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल थोडक्यात. एमसीए करायचं तर कर्नाटकात पीजीसीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशातही सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तरतूद असते, आपलं गाव यादीत आहे का ते नियमपुस्तिकेत बघा. कर्नाटकात बँकेत क्लार्क व्हायचं तर कन्नड लिहिता-वाचता यायला लागेल, आणि तुमच्या मुलाला ते येतं. पण यातलं काहीही दोन विषय सुटल्याशिवाय नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. परीक्षा होईपर्यंत साइटवर एकही नवा लेख नको. फक्त एक काम आजच करून घ्या, पंधरा मिनिटांचं : सर्च कन्सोल १६ महिन्यांपेक्षा जुने आकडे ठेवत नाही, जे आकडे अजून आहेत ते पुसले जाण्याआधी उतरवून ठेवू दे. उद्या कुठे मुलाखतीला बसला, तर ‘माझी साइट का पडली’ हे आकडे दाखवून सांगू शकणारा मुलगा कोर्सच्या सर्टिफिकेटवाल्यापेक्षा केव्हाही उजवा ठरेल. परीक्षा झाल्यावर ते हजार लेख काढून टाकावेत किंवा नोइंडेक्स करावेत, म्हणजे गूगलच्या शोधातून वगळावेत. त्याने वाचक लगेच परततील असं मी म्हणत नाही. सुधारणा दिसायला काही महिने लागतात, आणि दिसेलच असंही नाही. पुढचं खातं त्याच्या नावावर उघडू द्या, तो आता सज्ञान आहे. आणि एसईओ शिकायला गूगलचं स्टार्टर गाइड फुकट आहे.

हे काम त्याला खरंच आवडत असेल, तर बेळगावातच वाव आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या साइट उघडून बघा. फोन नंबर जुने, मोबाइलवर पान उघडत नाही, आपण काय बनवतो ते धड लिहिलेलं नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, तरी बाहेरचा ग्राहक अजूनही ‘बेलगाम’ टाकूनच हायड्रॉलिक्सवाला शोधतो. आपण मराठीत बेळगाव लिहितो, पाटीवर बेळगावी असतं. एकाच गावाची ही नावं कोण कशासाठी टाइप करतं, हे कळणारा मुलगा एखाद्या फाउंड्रीला, कुंद्याच्या दुकानाला, शहापूरच्या साडीवाल्याला उपयोगी पडू शकतो. तुमच्याच मालकांना विचारून बघा, सुट्टीत दोन महिने साइटचं काम देतात का. पगार ठरवून घ्या, कमी चालेल. तो त्याच्या खात्यात जाऊ द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘मी लिहिलंय हे त्याला सांगू नका.’ मी सांगणार नाही, तुम्ही सांगा. परीक्षेनंतर पुढचं पत्र त्याने लिहावं, काय करायचंय ते त्याच्या शब्दांत. तुमच्या पत्रात त्याला काय हवंय हे कुठेच नाही.

आणि ते नाडकचेरीचं पान तुम्ही वाचलेलं नसेल, तर आज रात्री वाचा. त्यातल्या फोटोत खिडकीसमोर फाइल छातीशी धरून उभे आहेत ते तुमचे वडील आहेत.